सम सरकारची

गेल्या लगीनसराईत तुमसरला एका वरातीत मी बँडवाल्याशी भांडले. खोटं कशाला सांगू, चांगलीच भांडले. नवरदेव घोड्यावर चढताना क्लॅरनेटवाल्यानं ती धून धरली, गोड धरली, आणि शेवटाला जिथं अलगद सम यायला पाहिजे तिथं ताशेवाल्यांनी असा धडाका उडवला की घोडं बिचकलं. मी वरात सोडून सरळ बँडमास्तरजवळ गेले. विचारलं, "ही धून कोणाची, माहीत आहे का?"

"सरकारची धून आहे मॅडम," तो म्हणाला. "जुनी आहे. आमच्या बापापासून वाजवून राहिलो आम्ही."

"कोणतं सरकार? मुंबईचं की दिल्लीचं?"

"ते काय माहीत बा. सारे सरकारचीच म्हणतेत."

मग माझं तोंड सुटलं. भाच्यानं दंड धरून मला बाजूला नेलं. "मावशी, लोक पाहून राहिले न!" पाहू दे म्हटलं. सारा जन्म शाळेत पोरांपुढं गेला, आवाज चढवल्याशिवाय मला खरं बोलता येत नाही. पण ही गोष्ट भर रस्त्यात, ताशाच्या गोंगाटात सांगण्यासारखी नव्हती. म्हणून इथं लिहिते.

ती धून बांधणाऱ्या माणसाला आम्ही मास्तर म्हणत असू. शाळेतले मास्तर नव्हेत, फिडलमास्तर. व्हायोलिन हा शब्द आमच्या गावात रेडिओपुरता, माणसांच्या तोंडी फिडलच. मास्तर तरुणपणी पूर्वेकडच्या जंगलपट्टीतल्या एका जमीनदाराच्या दरबारी वाजवायचे. त्या जमीनदाराला लोक 'सरकार' म्हणत. दरबार म्हणजे काय, तर गादी, तक्के, समोर गावोगावचे पाटील, आणि खाली एका बाजूला सतरंजीवर मास्तर. त्यांचं काम इतकंच की रोज वाजवायचं आणि दर दसऱ्याला एक नवी धून बांधून सगळ्यांसमोर पेश करायची. पुढं कायद्यानं जमीनदारी गेली, तरी बैठक काही वर्षं रडतखडत चालली. मग सरकारही वारले. मास्तर फिडल पेटीत घालून अड्याळजवळच्या आपल्या गावी परत आले आणि धानाच्या बांदीत, म्हणजे चिखलाच्या शेतात, उतरले. वीस वर्षं त्यांनी ती पेटी उघडली नाही असं गावात सांगत.

ती माझ्यापायी उघडली. माझे बाबा त्या भागात पोस्टमन होते. आमच्या वस्तीत जयंतीला गाणाऱ्यांची पार्टी होती, तिच्यात बाजाची पेटी होती, ढोलक होती, आणि बाबांना भारी हौस की आपल्या पार्टीत फिडल पाहिजे. भाऊ ढोलकीला चिकटलेला, उरले मी. सातवीत होते. बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून मास्तरांकडं नेलं.

मास्तर आमच्यातले नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, मास्तरीणबाईंनी, मला पाणी द्यायला फळीवरचं एक वेगळं फुलपात्र काढलं. बाबांनी पाहिलं, मी पाहिलं, मास्तरांनीही पाहिलं. त्यांनी ते फुलपात्र उचललं, घटाघटा स्वतः पिऊन टाकलं आणि म्हणाले, "आता पोरीले आण." त्या घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढं मास्तरीणबाईंनी माझ्यावर इतका जीव लावला की माझ्या लग्नाची काळजी माझ्या आईपेक्षा त्यांनाच जास्त.

शिकवायची मास्तरांची एक तऱ्हा होती. ओसरीत खाट होती. मला ते खाटेवर बसवायचे आणि स्वतः खाली सतरंजीवर बसायचे. गुरू खाली अन् चेली वर! मला पहिल्यांदा इतकी लाज वाटायची की पाय कुठं ठेवावे कळत नसे. मी उतरायला लागले की डाफरायचे, "बस तिथंच. तिथूनच बरं ऐकू येते." मला वाटायचं, असेल बापा काही विद्या.

आणि दुसरी तऱ्हा शेवटाची. आपल्या गाण्यात शेवटाला एक तुकडा तीनदा येतो. तिसऱ्यांदा तो जिथं येऊन टेकतो ती सम, म्हणजे ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते ती जागा. मास्तर धून वाजवत यायचे, तो तुकडा एकदा वाजवायचे, दुसऱ्यांदा वाजवायचे, आणि तारांवरून गज उचलून थांबायचे. सगळं थांबायचं. मग मान वर करून माझ्याकडं बघायचे. तिसरा तुकडा मी वाजवायचा, सम मी द्यायची. मी घाई केली की चिडायचे, "घाई कायले करतं? तुह्या मर्जीनं दे. थांबणारा थांबते." मला तो भारी मान वाटायचा. म्हातारा आपल्याला धून पुरी करायला देतो, म्हणजे आपला हात तयार झाला, असं मी घरी जाऊन सांगायची. मूर्ख कुठली.

त्यांची सगळ्यात गाजलेली धून म्हणजे वर सांगितलेली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बायका चिखलात वाकून गातात, त्या सुरांवरून उचललेली. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बसून बांधली असं ते सांगत. जमीनदाराच्या गावातून ती बँडवाल्यांनी उचलली, बँडवाल्यांकडून लग्नांत आली, आणि 'सरकारची धून' झाली. मी एकदा विचारलं, "मास्तर, तुमची असून सरकारची काहून म्हणतात?" तर म्हणाले, "म्हणू दे. भिंगरीले नाव नाही इचारत, फिरून राहिली का नाही ते पाहाव." मी हसले आणि विसरले.

मी शिकले, मोहाडीला शिक्षिका म्हणून लागले, तरी रविवारी दोन एसट्या बदलून त्या ओसरीत जायची. अशातच जिल्हा फुटला. पूर्वेचे तालुके तोडून नवा जिल्हा केला. जमीनदारांचं गाव तिकडं गेलं, मास्तरांचं इकडं राहिलं. घरात वाटण्या झाल्या की पितळेच्या घागरीवरून भांडणं लागतात, तसं काही दिवस दोन्हीकडं चाललं होतं. ही कला आमची, तो कलावंत तुमचा. आमच्या बाजूनं मोहाडीच्या एका शाळेच्या सभागृहात जुन्या कलावंतांचा कार्यक्रम ठरला. नागपूरहून रेडिओवाले मशीन घेऊन येणार होते, वाजवलेलं कायमचं भरून ठेवणार होते. मी उड्या मारत मास्तरांचं नाव दिलं.

अर्ज घेऊन रविवारी गेले. कलावंत, वाद्य, रचना, रचनाकार असे रकाने होते. मी चांगल्या अक्षरात, शाईच्या पेनानं सगळं भरून नेलं होतं. रचनाकाराच्या रकान्यात मास्तरांचं नाव. त्यांनी सही करायच्या आधी एकेका शब्दावर बोट फिरवत वाचलं आणि त्या रकान्याशी थांबले.

"हे खोड."

"काहून?"

"खोड म्हणलं ना."

"नाही खोडत. खरं आहे ते."

 मास्तरांनी जिभेवर बोट ओलं केलं आणि आपलंच नाव पुसलं. कागदावर निळा डाग राहिला. मग खाली सही केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या म्हणून मी मूग गिळून बसले.

खरी गोष्ट पुढच्या रविवारी उलगडली. मी ओसरीत खाटेवर बसून फिडल लावत होते आणि दारात जीप थांबली. त्यातून सरकारांचा नातू उतरला. पस्तिशीचा असेल, बोलायला गोड. मास्तरांच्या पाया पडला, शाल घातली, नारळ दिला. म्हाताऱ्याच्या हातातून नारळच सुटला. नातू म्हणाला की तो आजोबांच्या धुनांची कॅसेट काढतो आहे. मोहाडीच्या कार्यक्रमाचं त्याला कळलं होतं. तिथं त्याला मास्तरांसोबत बसायचं होतं, पेटीवर, "आजोबांच्या जागी."

"आजोबांच्या धुना?" मी विचारलं. "त्या तर मास्तरांच्या आहेत."

तो हसला. रागानं नाही, लहान पोराला समजावतात तसा. "ताई, आमच्या बैठकीची रीत तुम्हाला माहीत नसेल. वाजवणाऱ्यानं खाली बसून शेवट दोनदा वाजवायचा आणि थांबायचं. तिसऱ्यांदा आजोबा वरून, पेटीवर, आपल्या मर्जीनं सम देत. सम ज्याची, धून त्याची. विचारा ना मास्तरांना."

मी मास्तरांकडं पाहिलं. ते फरशीकडं पाहत होते. म्हणाले, "बरोबर हाय."

आणि मी खाटेवर बसले होते! मी वर, मास्तर खाली. दोनदा वाजवून गज उचलून वर बघणारे मास्तर, आणि मर्जीनं सम देणारी मी. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस मला मोठं करतो आहे. त्यानं मला सरकार केलं होतं. मी, पोस्टमनची पोरगी, जिच्या आजीनं कोणाच्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता, ती रोज जमीनदाराच्या गादीवर बसून एका कलावंताची धून हिसकावून घेत होती आणि घरी जाऊन मिरवत होती. मला भडभडून आलं. नातू गेल्यागेल्या मी खाटेवरून उतरले.

"मास्तर, ही रीत कोणी पाडली?"

त्यांनी सुटलेला नारळ उचलून कोनाड्यात ठेवला. मग म्हणाले, "पयल्या दसऱ्याले. मी दोनदा वाजवलं अन् तिसऱ्याले गज टाकणार, तं सरकारनं हात वर केला. म्हणे, थांब, हे माह्यासाठी ठेव. अन् पेटीवर बोट ठेवलं. बैठकीनं वाहवा केली."

"सरकारची?"

"सरकारचीच. अन् खोटं नाही सांगत पोरी, मी बहुत खुश झालो होतो. सरकारनं माह्या धुनेले हात लावला म्हणून. मंग दर दसऱ्याले तसंच. अठरा दसरे, अठरा धुना. एकीचीही सम मी दिली नाही."

"घरी? एकटे असताना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आणि मला कायले बसवलं त्या जागी? माझी काय चूक होती?"

"तुही चूक नाही वं," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "वरतं कोणीतरी पाहिजे. वर कोणी नसलं तं मले खालून वाजवताच येत नाही. वीस वर्षं पेटी काहून बंद होती मंग?"

 मी रडले, आणि रडता रडता भांडले. म्हटलं, आता मी या खाटेवर पुन्हा बसणार नाही आणि तुमची सम तर कधीच देणार नाही. मोहाडीला तुमची तुम्ही द्या. ते रेडिओवाले एकदाच येणार आहेत. नातवानं तिथं बोट ठेवलं आणि ते मशीनमध्ये भरलं गेलं, तर धून कायमची गेली. तुम्ही गेल्यावर मी कोणापुढं बोंबलत फिरू?

"मीठ खाल्लं त्यायचं."

"मीठ खाल्लं, धून नाही विकली!"

मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिली पोरगी." मास्तर उठून बोडीकडं निघून गेले.

घरी बाबांना सांगितलं. मला वाटलं बाबा म्हणतील, शाबास. बाबा तेव्हा निवृत्त होऊन अंगणात बसलेले असत. म्हणाले, "दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिण्यात जन्म गेला त्याचा. ओंजळ बाजूला कर म्हणणं सोपं. पण तू त्याच्या तोंडात पाणी ओतू नको. तू जर त्याच्या वतीनं ती सम वाजवली, तर तू बी एक सरकारच. कळलं?" कळलं. पण कळून राग जात नाही.

कार्यक्रमाला आठवडा होता. मला रजा मिळेना, म्हणून मधे जाता आलं नाही. मास्तरीणबाईंनी त्यांच्या गावच्या शाळेतल्या एका बाईंकडून निरोप पाठवला. बुढा रोज बोडीच्या पाळीवर फिडल घेऊन बसते, दोनदा वाजवते, अन् थांबते. तिसरी येतच नाही. घरी येऊन जेवत बी नाही. पोरी, तू नसता उद्योग केला का वं, असं त्या विचारत होत्या. मला रात्रभर नीट झोप लागली नाही. माझ्या हट्टापायी म्हातारा मंचावर बसून फजीत झाला तर? पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, हात कापतो, आणि मी त्याला भर सभेत त्याच्या आयुष्यात कधी न वाजवलेली गोष्ट वाजवायला सांगते आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्वतः त्यांना आणायला गेले. अड्याळ ते भंडारा, भंडारा ते मोहाडी. दोन्ही बसमध्ये त्यांनी फिडलची पेटी मांडीवर धरली होती, माझ्याकडं दिली नाही. धान निसवून लोंब्या आल्या होत्या, खिडकीतून त्याचा वास येत होता. मी एकदा विचारलं, "काय ठरवलं?" म्हणाले, "तुही सूरपेटी आणली ना?" म्हणजे काही ठरलं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. बाहेर आठवडी बाजार होता, त्याचा गलका आत येत होता म्हणून रेडिओवाल्यानं खिडक्या लावायला लावल्या. उकाडा असा की पंख्याखालच्या जागेसाठी लोक ढकलाढकली करत होते. मंचावर मधोमध गादी घातली होती, तिच्यावर पेटी, आणि पेटीमागं नातू, आयोजकांशी परस्पर ठरवून आलेला, जरीच्या काठाचं उपरणं घेऊन. डाव्या बाजूला खाली सतरंजी. कोणी सांगितलं नव्हतं तरी मास्तर सरळ जाऊन त्या सतरंजीवर बसले.  मी त्यांच्या मागं, थोडी बाजूला, सूरपेटी घेऊन बसले. माझी फिडल फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली होती, कारण पुढं मला दोन गाण्यांना साथ करायची होती.

निवेदक म्हणाला, "आता ऐकूया सरकारांची सुप्रसिद्ध धून. सादर करताहेत त्यांचे नातू. साथीला आहेत फिडलमास्तर."

साथीला! मी मास्तरांची पाठ पाहत होते. पाठ हलली नाही. पण त्यांनी गजाला राळ लावायला घेतली होती, तो हात मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

रेडिओवाल्यानं बोट वर केलं. मशीन सुरू झालं.

मास्तर वाजवायला लागले आणि मी सगळं विसरले, खरंच. हात कापत होता, पण कापरा हात सुरात उतरला की त्याचा हेल होतो, तसं झालं. पुढच्या रांगेत बाजाराला आलेल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनी रोवण्याचं गाणं ओळखलं आणि एकमेकींना कोपर मारलं. तबलजीनं ठेका उचलला. धून चढली, फिरली, परतली. मग शेवटाचा तुकडा आला. एकदा. सूरपेटीचा भाता दाबणारा माझा हात घामानं चिकट झाला होता. दुसऱ्यांदा.

आणि मास्तरांनी गज उचलला.

तबला थांबला. रीत तशीच होती, आणि तबलजीला नातवानं ती आधी सांगून ठेवलेली होती. सगळं सभागृह गप्प. नातवानं घाई केली नाही. त्यालाही ठाऊक होतं की मर्जी दाखवायची ती इथंच. त्यानं उपरणं सावरलं, मशीनकडं पाहून थोडं हसला, आणि सावकाश बोट पेटीकडं नेलं.

पण मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. चौदा वर्षांची सवय. त्यांच्या डोळ्यांत अक्षरशः विनवणी होती. दे पोरी. तू दे. नातवापेक्षा तू बरी.

माझी फिडल हाताशी होती. चार सूर होते फक्त. झोपेतसुद्धा वाजवले असते मी, आणि सुरेल वाजवले असते. धून नातवाच्या हातून वाचली असती. म्हाताऱ्याची लाज राहिली असती. मी फडक्याला हात घातला होता, हे मी आज कबूल करते. मग बाबांचं बोलणं आठवलं. मी हात मागं घेतला, मांडीखाली दाबला आणि मान हलवली. नाही.

मास्तर हळूच म्हणाले, "मले येत नाही वं."

त्यांच्या पुढ्यात माईक होता. ते सगळ्यांनी ऐकलं. मागं पोरं खिदळली. कोणीतरी म्हणालं, बुढा विसरला. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. नातवाचं बोट पेटीवर टेकलेलं होतं, फक्त दाबायचं बाकी होतं.

त्या हसण्यानं की कशानं, मास्तरांची पाठ सरळ झाली. त्यांनी गज तारेवर टेकवला. पहिला सूर नुसता खरवडला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. दुसरा बरा लागला. तिसरा लांबला, कारण बोट जागा शोधत होतं. हा आमचा दिग्गज माणूस पहिल्या दिवशीच्या पोरासारखा चाचपडत होता. आणि मग ते येऊन टेकले. सा लागला, थोडा उतरलेला, पण लागला. तबलजीनं भानावर येऊन थाप दिली. नातवाचं बोट तसंच होतं. मग त्यानं ते उचललं आणि हात मांडीवर ठेवला. रागानं की लाजेनं, मला माहीत नाही, मी त्याला कधी विचारलं नाही.

टाळ्या पडल्या, पण अर्ध्यामुर्ध्या. लोकांना काय झालं ते कळलंच नव्हतं. त्या दोन म्हाताऱ्यांनी मात्र जोरात वाजवल्या.

रेडिओवाला कानावरचं यंत्र काढून मंचाजवळ आला. सभ्य माणूस होता, मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून खाली वाकून बोलला. "बाबा, फार सुंदर झालं. फक्त शेवट तेवढा बिघडला. आपण तेवढंच पुन्हा घेऊ. या वेळी साहेब पेटीवर देतील, तुम्ही दोनदा वाजवून थांबा. एकदम स्वच्छ होऊन जाईल."

 मास्तर माझ्याकडं वळले. ओसरीत विचारावं तसं विचारलं, "बेसूर लागली का वं?"

गुरूशी खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.  मी म्हटलं, "हो मास्तर. सा उतरला."

"बहुत?"

"थोडा."

त्यांनी गज सतरंजीवर ठेवला. मग रेडिओवाल्याला म्हणाले, "राहू द्या तशीच. माही हाय ते."

रेडिओवाल्यानं खांदे उडवले. माझ्या हस्ताक्षरातला तो अर्ज त्याच्या फायलीत होता, तो काढून त्यानं चष्मा लावला. "बरं. पण इथं रचनाकाराच्या रकान्यात काही वाचता येत नाही. नुसता डाग आहे. कोणाचं नाव लिहू?"

मास्तर सतरंजीवरून उठले. गुडघे धरले होते, मी आधार द्यायला पुढं झाले, तर त्यांनी हात झटकला. उभं राहून, गादीवर बसलेल्या नातवाच्या डोक्यावरून पाहत, त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. बापाचं, आडनावाचं, गावाचंसुद्धा. रेडिओवाल्यानं लिहून घेतलं.

"वाचून दाखवा," मास्तर म्हणाले.

त्यानं वाचून दाखवलं.